निळी पट्टी

दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलंय.
मिरजेकडून येणार की लोंढ्याकडून, कुणाला माहीत नाही.
शेजारचा टेम्पोवाला इंजिन बंद करतो,
परत चालू करतो, म्हणतो, बंतु बंतु,
आली आली,
आणि गाडी येत नाही.

ऑफिसात मी हा टेम्पोवाला असते.
पगार त्याचाच घेते.

विणकर सोसायटीच्या पानावर एक निळी पट्टी आहे, मी केलेली.
फोटो चढवा, आधार चढवा, थांबा.
चेअरमन कडोलीसाहेबांची एकच अट होती:
सरळ चालली पाहिजे, मध्ये थबकायचं नाही.

त्यांना कसं सांगू,
आलं किती ते मला कळतं, यायचं किती ते नाही.
सर्व्हर एकूण सांगत नाही.
तो तुकडे पाठवतो, कुणी पोत्यातून शेंगा ओतावा तसे,
आणि पोतं दाराआड.
वाटेत सगळं दाबून चेपून येतं, इथं उघडलं की फुगतं.
एकदा प्रामाणिक हिशेब केला
तर पट्टी एकशे बारा टक्के झाली,
चौकट फोडून मेनूवर गेली.
नागेश सांबरेकर खुर्चीवरून पडायचा राहिला.
साहेब म्हणाले, बारा टक्के जादा? चांगलंय की.
खरं काढून टाक.

काढलं. मग खोटं शिकले.
नव्वदपर्यंत भरभर, दीड सेकंदात,
पुढे एक्याण्णव, ब्याण्णव, दम खात,
मग नव्याण्णव.
तिथं हवं तेवढं थांबता येतं.
नव्याण्णववरून कुणी उठून जात नाही,
या गावात तर नाहीच.
आम्हांला तारीख पडायची सवय आहे,
आणि तिच्यापुढच्या तारखेची.

बाबा वडगावात मागावर होते.
बीमवर सूत किती उरलंय
ते अंगठ्यानं दाबून सांगायचे,
दोन साड्या आणि एक पदर, अर्धा.
कधी चुकायचे. चुकले की मालकाला स्वतः जाऊन सांगायचे.

परवा खासबागच्या झेरॉक्सच्या दुकानात
मल्लव्वा बसलेली, फॉर्म भरायला,
चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारखी.
पट्टी नव्याण्णववर. माझीच.
ती स्क्रीनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.
किती राहिलं गं?

तिचा फोटो अजून फोनमधून बाहेरही पडला नव्हता.
कोपऱ्यात रेंजची एकच काडी.
मी म्हटलं, थोडंच.
थोडंच म्हणता म्हणता दूध उतू जातं, ती म्हणाली.
चालालंय की थांबलंय, तेवढं सांग.
चालत असलं तर बसते.
थांबलं असलं तर घरात म्हैस आहे.

रात्री आकडा काढला, पट्टीही काढली.
लिहिलं: चालू आहे.
वर कन्नड, खाली मराठी, नियम तसा.
नडेयुत्तिदे चौकटीत मावेना, चौकट वाढवली.
त्याखाली बारीक अक्षरात, आलेलं: इतकं.
दहा सेकंद काहीच हललं नाही तर लाल होऊन
थांबलंय म्हणायचं, न लाजता.
हे शेवटचं लिहिताना हात अडखळला.
सहा वर्षांत हा शब्द मी कुठल्याच पानावर लिहिला नव्हता.

सोमवारी साहेब म्हणाले, पट्टी कुठाय?
लोकांना पट्टी लागते.
मी गप्प. बहुतेक परत लावेन.
मल्लव्वाचं नाव सांगावं असं वाटलं,
सांगितलं नाही.

आली. मालगाडी.
मी डबे मोजते, चोवीस, पंचवीस,
मध्येच रिक्षा आडवी येते, हिशेब तुटतो.
एकूण किती ते मागच्या गार्डाला ठाऊक,
आणि त्याचा हात हिरवी झेंडी धरून निघूनही जातो.

टेम्पोवाला इंजिन चालू करतो. आयतु, म्हणतो.
फाटक तसंच.
दुसरी आहे म्हणे, उलटीकडून.