दावं

विश्रामबागेत पंक्चरच्या दुकानावर माझी खोली.
खालचा कंप्रेसर थांबला की मी सुरू करते.

पायाची बोटं आत वळवा, रत्नाबाई.
घट्ट. अजून घट्ट. पाच मोजते मी.
आता सोडा.

बोटं ऐकतात, बिगारीतल्या पोरांसारखी सुटतात.
मग पोटऱ्या,
भिलवडीचा घाट चढून चढून दगड झालेल्या.
मग मांड्या. मग पोट,
ते आत घ्या म्हटल्यावर त्यांना हसूच फुटलं.
खांदे कानापर्यंत न्या. सोडा.
श्वास आता पडद्यासारखा,
कुणी हलवत नाही, तरी हलतो.

उजवा हात मात्र
आल्यापासून मूठच.
मिरजेच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या, शिरा शाबूत.
मुलगा सांगतो, झोपेतही उघडत नाही,
आई डाव्या हातानं भाकरी थापते.

आवळा म्हणायची गरज नव्हती.
मी नुसतं म्हटलं, सोडा.

पापण्यांखाली बुबुळं सरकली.
"सोडलं हुतं की एकदा."

पुराची दुसरी रात्र. गोठ्यात छातीएवढं पाणी.
कौलांवरून माणसं ओरडत होती,
जनावरं सोडा, सोडा,
आणि रत्नाबाईंनी चांदरीचं दावं सोडलं.
"पवत गेली का व्हावत गेली,
अंधारात कळलं न्हाई, बाई."

अठरा वर्षं मी हा शब्द म्हणत आले,
दिवसातून शंभरदा,
दिवा मालवावा इतक्या सहज.

त्या दुपारी तो गिळला.
विचारलं, दावं हातात आहे?
"हाय."
ओलं?
"वल्लं. काथ्याचं."
मग धरा, रत्नाबाई. धरवेल तेवढं धरा.

पाच झाले. दहा झाले.
खाली कंप्रेसर सुरू झाला, थांबला,
नखं पांढरी पडली, कोपर थरथरलं.
चाळिसाच्या पुढे कुठेतरी मी आकडा चुकले
आणि करंगळी उठली.
म्हैस उठते तशी,
मागून पुढे, जडपणे, कुणी हाकलं नसताना.
अंगठा सगळ्यात शेवटी.

तळव्यात नखांच्या चार खुणा.

मुलाला सांगितलं, रात्री परत मिटेल,
घाबरू नका, बुधवारी आणा.
तो सुटे पैसे शोधत होता.
त्या चपलेत पाय घालता घालता थांबल्या,
त्याच हाताचं बोट माझ्या गालाला लावलं:
"तुमी दात किती आवळून बसताय ओ, बाई."