पिन

नियम पहिला: ऐकलेलं गिळायचं.
सात वर्षं गिळलं. कुणाचं बाळ पोटातच गेलं,
कुणाच्या तळघरात दारूची भट्टी;
या कानाचं त्या कानाला नाही.

बत्तीसचा ऑक्टोबर, आयोवा. रात्री साडेअकराला
बँकेच्या टॉलेफ्सनसाहेबांनी भावाचा नंबर मागितला.
"उद्या नऊच्या ठोक्याला काढून घे, आर्ने." एवढंच.
मी पिन उपसली. बोटं गार.

आईचे दोनशे बारा डॉलर होते त्यांच्याकडे,
अंडी विकून साठवलेले.

सकाळी पायरीवर आर्ने, त्याच्यामागे मी,
केसांवर हेडफोनच्या पट्टीचा वळ तसाच.
ब्र काढला नाही. देवाशप्पथ.
पण निल्स न्हाव्यानं पाहिलं, मग पाववाल्या बाईनं:
टेलिफोनवाली पोरगी उगाच कशाला रांगेत उभी राहील?
दहाला रांग चर्चपाशी.
अकराला दार लागलं.

नोटा मोज्यात कोंबून कामावर गेले.
बोर्डावरच्या झडपा पटापट पडत होत्या,
सगळ्या गावाला सगळ्या गावाशी बोलायचं होतं.
जोडत राहिले.

निल्सनं मात्र पुन्हा कधी नंबर मागितला नाही.
निरोप असला की दुकान बंद करून
चालत जायचा,
बर्फातसुद्धा.