हरकत क्रमांक एकतीस

शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी.
बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या मांडल्यात,
घड्याळ सामन्याचंच: प्रत्येकाला तीन मिनिटं.
वेळ संपली की भोंगा वाजतो
आणि मागच्या रांगेतली पोरं सवयीनं टाळ्या पिटतात.

मी लिहून घेणारी. तासावर पैसे.
माझ्या यंत्राला मत नाही,
सुनावणी संपेपर्यंत मलाही नसावं,
असं करारात आहे.

पडद्यावर न्यू मेक्सिकोतलं आमचंच पठार, वरून.
त्यावर सरकारी प्रयोगशाळा, कुंपण, आत आणखी एक कुंपण.
तिला आता जास्त वीज लागते.
कशाला, ते विचारायचं नाही,
तो मुद्दा आजच्या कक्षेबाहेरचा.
आजचा विषय फक्त तारा:
जुने लाकडी खांब उपटून लोखंडी मनोरे,
दरीवरून, जुनिपरच्या रानातून, चौदा मैल.

हॉगनबाईंनी तक्ता दाखवला.
माती: परिणाम किरकोळ.
पाणी: परिणाम किरकोळ.
पक्षी: किरकोळ, उपाययोजनेसह.
दृश्य: मध्यम.
"दृश्य मध्यम म्हणजे काय हो?" खालून कुणीतरी.
"म्हणजे दिसेल," त्या म्हणाल्या. "पण सवय होईल."

मग माणसं.
पिन्यॉनच्या बिया वेचणाऱ्या दोघी बहिणी,
एकीनं बोलायचं, दुसरीनं हुंकार भरायचा.
गरुडांची घरटी मोजणारा निवृत्त मास्तर,
त्याची तीन मिनिटं चष्मा शोधण्यात गेली.
एक पोरगा, त्याला एवढंच हवं होतं:
मनोरे उभारायला माणसं इथलीच घेणार का?
"नोंद घेतली," हॉगनबाई म्हणाल्या.
सगळ्यांनाच म्हणाल्या, आणि खरंच घेत होत्या,
हिरव्या पेनानं.

तीस नंबर. डेल्फिना आर्चुलेटा, वय एक्क्याऐंशी.
माईक खाली करेपर्यंत वीस सेकंद गेले,
ते तिनं परत मागितले. मिळाले नाहीत.

"लग्न होऊन आले तेव्हापासून
तुमची तार माझ्या छपरावरून जाते.
हवा दमट झाली की गुणगुणते.
माझी चारही पोरं त्याच आवाजावर झोपली.
घरात वीज आली ती मात्र सतरा वर्षांनी,
तीही दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या बाजूनं.
तोवर रॉकेल."

(दिव्याखाली अंधार, असं माझ्या बोटांत आलं.
लिहिलं नाही. तिचं होतं तेवढंच लिहिलं.)

"तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
आज विचारताय, बरं वाटलं.
माझी हरकत अशी काही नाही.
मला फक्त एक विचारायचंय, ते जुने—"

भोंगा.
या वेळी पोरांनी टाळ्या पिटल्या नाहीत.

एकतीस नंबरचा यूसेबिओ तफोया उठला.
"माझी तीन मिनिटं हिला द्या."
नियमात बसत नाही.
"बरं. मग हिला जे विचारायचं होतं
तेच मला विचारायचंय."
आणि टोपी मांडीवर ठेवून बसला,
घड्याळात दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद तशीच ठेवून.
मी शब्दाला शब्द उतरवलं.

चार महिन्यांनी अहवाल आला, दोन खंड.
माझं टंकलेखन परिशिष्टात, बारीक अक्षरात,
समोरच्या रकान्यात उत्तरं:
हरकत क्रमांक ३१.
आपल्या प्रश्नाचा काळजीपूर्वक अभ्यास करण्यात आला.
परिणाम किरकोळ.

प्रश्न मला ठाऊक आहे.
त्या रात्री यंत्र पेटीत भरून गाडीपाशी आले
तर ती यूसेबिओच्या ट्रकला टेकून उभी.
"ते जुने खांब काढून टाकतात कुठे?
माझ्या दारासमोरचा एक मला हवा होता.
उन्हात अजून डांबराचा वास सोडतो.
आडवा टाकला असता भिंतीशी,
संध्याकाळी टेकायला."

मी म्हटलं, डांबराचं लाकूड विषारी असतं, आजी,
ते पुरतात म्हणे, तक्त्यात आहे, माती या रकान्यात.

ती हसली. म्हणाली,
"साठ वर्षं दारात होतं तेव्हा
कुठल्या रकान्यात होतं गं?"

माझं यंत्र बंद होतं.
वर जुनी तार,
हवा दमट नव्हती, तरी
आम्ही तिघं थोडा वेळ ऐकत उभे राहिलो.