आडव्या बाटल्या

आमच्या दुकानाला पाटी नाही.
रुवीच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारी
एक काळी काच, एक घंटी
आणि उन्हानं पिवळा पडलेला कागद: परवाना दाखवा.
ज्याला यायचं असतं त्याला रस्ता माहीत असतो.

मी आधी कार्ड बघतो, मग माणूस.
पगारावरून महिन्याची मर्यादा ठरते,
म्हणजे कुणाची तहान किती रियालची
हे मला त्याच्या बायकोआधी कळतं.
खानविलकर साहेब पंधरा तारखेपर्यंत इंग्रजी बोलतात,
मर्यादा संपली की मराठी.
"आपल्याकडचाच ना रे तू? एकच. पुढच्या महिन्यात धर."
मशीन घेत नाही साहेब, मी म्हणतो.
मशीनला गाव नसतं.

माझ्या स्वतःच्या पगारात परवाना बसत नाही.

काळी पिशवी देताना एक वाक्य म्हणायचं असतं,
बेनेडिक्टनं पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं:
इथून थेट घरी, वाटेत कुठं थांबायचं नाही.
मला ते पाठच होतं.
काजू फॅक्टरीचा पगार व्हायचा त्या सकाळी
आई बापाला हेच सांगायची.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा,
सरकारमान्य देशीच्या दुकानात ग्लास विसळायला.
बाप पलीकडच्या बाकावर.
रात्री दुकान बंद करायचं आणि बापाला घरी न्यायचं,
दोन्ही कामं माझी,
पैसे एकाचेच.

मग आईनं मतदान आणलं. फक्त बायकांचं.
कागदावर दोन चित्रं: एक बाटली उभी, एक आडवी.
तिला सही येत नव्हती, पण ती दारोदार सांगत गेली,
"निजलेलीवर शिक्का मार गं.
ती निजली तर तुझा दाल्ला उभा ऱ्हाईल."
मालकानं मला साड्या वाटायला पाठवलं. मी वाटल्या.
एक आमच्याही उंबऱ्यावर ठेवली.
तिनं तिची पायपुसणी केली.

निम्म्याच्या वर सात मतं.
कुलूप, लाखेचं सील, हलगी, गुलाल.
बायका नाचल्या. मी कोल्हापुरात एजंट शोधला.
आणि बाप हद्दीपलीकडं कर्नाटकात जाऊ लागला,
चार किलोमीटर जास्त.
पण महिन्यातून सात-आठ दिवस
त्याला चालायचा कंटाळा यायचा.
तेवढे दिवस आईनं जिंकले होते.
हे मला इथं येऊन कळलं,
शनिवारी, हिशेब लावताना.

घरी सांगितलंय, सुपरमार्केट.
मोतीबिंदू काढला, पत्रे बदलले,
बाप गेला तेव्हा तेरावंही याच पैशात.
कसलं सुपरमार्केट, तिनं कधी विचारलं नाही.
व्हिडिओवर मी नेहमी टायरवाल्याकडं पाठ करून उभा राहतो,
तिला टायर दिसतात.

रमजानचा महिना आमचं दार बंद.
आदल्या रात्री रांग वळणाच्या पलीकडं जाते,
माणसं दुष्काळ यायचा असल्यासारखी भरतात.
मग शटर, आणि आत मी, मोजदादीची वही, एसीची घरघर.
मागच्या खोलीत वाइनच्या लाकडी मांडण्या आहेत.
वाइन उभी ठेवत नाहीत, बूच सुकतं.
जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीमागून भिंत,
सगळ्या आडव्या.
एवढं मोठं मतदान मी कधी पाहिलं नव्हतं.

चारशे बारापर्यंत आलो होतो, तिचा फोन.
"दुकान चालू हाय न्हवं?"
"बंद आहे. महिनाभर."
"का रं?"
"इथला नियम."
ती गप्प. मागं कुणाची तरी म्हैस ओरडली.
"बायकांनी केला?"

मी वहीत बोट घातलं होतं, ते निसटलं.
पुन्हा एकपासून.