डू आणि डज

विट्यात शिलाई क्लासच्या माडीवर
संध्याकाळी सातला इंग्रजी असतं.
फळ्यावर लिहिलं: ही लिव्ह्ज इन कोइम्बतूर.
आता याचा प्रश्न करा.

मंदा हसबे मराठीतच करून मोकळी:
तो कोइम्बतूरला राहतो का.
शेवटी ‘का’ लावला की झालं की, सर.

तसं नाही. इंग्रजीत
तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं,
आपल्याला विचारायचंय.
आधी डज. मग तो.
आणि लिव्ह्जचा एस काढून टाकायचा,
डजनं तो आधीच उचललाय;
एका घरात दोन एस नांदत नाहीत.

मागच्या बाकावर कुणी हसलं.
ती लिहून घेत होती.

नवरा तिकडं गलाईच्या दुकानात.
सोनं आटवतो, जत्रेला येतो, दिवाळीला येतो
आला तर.
फोनवर ती म्हणते, जेवण खोलीवरच करता...
आणि थांबते.
‘का’ गिळला की वाक्य साधंच राहतं,
विचारलं असं होत नाही.
चौदा वर्षं साधी वाक्यं.

आज वही घेऊन आली.
पाच प्रश्न दिलेले, तिनं एकच केलेला,
खोडून, परत खोडून, कागद विरलेला:
डज ही लिव्ह अलोन?

बरोबर आहे, म्हणालो. एस कुठंही जास्त नाही.

मग म्हणाली, हे बोलताना शेवटी
आवाज वर न्यायचा का खाली?

वर, म्हणालो.

जिन्यात तिनं म्हणून बघितलं.
खालीच गेला.