बॅटरी

अर्जावर शेवटचा रकाना असतो :
तुम्हाला या कामात का यायचंय?
दोन ओळींची जागा.
दर मार्चमध्ये वाल्पराइसोच्या आमच्या रुग्णवाहिका ठाण्यावर
असे वीस-बावीस अर्ज येतात
आणि ते वाचायचं काम माझ्याकडे,
कारण माझे गुडघे आता जिने मानत नाहीत.

बहुतेक जण लिहितात, लोकांची सेवा.
मीही तेच लिहिलं होतं.
अक्षर तेवढं बरं होतं माझं.

नायारेतनं लिहिलं, पगार वेळेवर होतो म्हणून.
तिला मी लगेच घेतलं.
ओव्हिदिओला सायरनचं वेड होतं;
तीन महिन्यांत उतरलं, एका तान्ह्या बाळानंतर.
तो आता बंदरावर क्रेन चालवतो,
दिसला की हात करतो, थांबत नाही.
आणि एक किडकिडीत पोरगा, म्हणाला,
सगळे ओरडत असतात ना,
तेव्हाच माझं डोकं शांत होतं.
हा गुण आहे की आजार?
मी म्हटलं, दोन्ही.
हातमोजे कुठल्या मापाचे लागतात?

इथे शहर उभं आहे.
एकमेकांच्या खांद्यांवर चढून बसलेली
रंगीत पत्र्यांची घरं, पर्यटक फोटो काढतात,
पण गाडी खाली रस्त्यालाच थांबते
आणि माणूस वरून आणावा लागतो,
पायरी पायरीनं.

मी नऊ वर्षांची असताना शेजारचे सेनोनकाका
स्वयंपाकघरात कोसळले.
लाईट गेलेली.
आईनं माझ्या हातात बॅटरी कोंबली
आणि म्हणाली, पळ.
दोन माणसं आली होती, घामाघूम.
एकाच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण.
तो म्हणाला, तू पुढे हो. पायऱ्यांवर उजेड धर.
मागे वळून बघू नकोस.

तोवर मला कुणी काही धरायला सांगितलं नव्हतं.
म्हणजे दुधाची पिशवी, धाकट्याचा हात,
एवढंच.

एकशे बारा पायऱ्या.
साठाव्या की एकसष्टाव्या पायरीवर
बॅटरी पिवळी पडली
आणि गेली.
मी थांबले.
थांबू नकोस, तो म्हणाला, धरून राहा.
पण विझली.
ठाऊक आहे. तू पुढे आहेस ना, बास.

मग विझलेली बॅटरी
दोन्ही हातांनी समोर धरून
मी उरलेल्या पायऱ्या उतरले,
अंधाराला सांगत :
इथली फुटकी आहे, इथे कुत्रं झोपतं,
आता वळण, आता कठडा नाही.
सगळं मला पाठ होतं.
ते पाठ असण्याचा काही उपयोग असतो
हे त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

सेनोनकाका गुरुवारी गेले, इस्पितळातच.
तेव्हा कुणाला वाचवलं वगैरे
माझ्या गोष्टीत नाही.
त्यांच्या बायकोनं रविवारी
फडक्यात बांधून गरम पाव पाठवले.
आईनं बॅटरीत नवे सेल घातले.

पुढे एकतीस वर्षं मी जिने उतरले.
त्यातल्या काही रात्री, खोटं कशाला बोलू,
नुसत्या चहाच्या आणि कंबरदुखीच्या होत्या.
आणि काही अशा, की खाली पोचल्यावर
हात उघडायलाच तयार नसत,
काही नसलं तरी धरूनच असत.
हे दोन ओळींत कसं बसवायचं?

आज समोर एका मुलीचा अर्ज आहे.
यास्ना, वय एकवीस.
शेवटचा रकाना कोरा.
नाही, कोरा नाही :
काहीतरी लिहून इतकं खोडलंय
की कागद तिथे पातळ झालाय.
मी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला.
अक्षर लागलं नाही.
पेन्सिलीचा दाब मात्र
पाठच्या पानापर्यंत उमटला होता.

सोमवारी बोलावलंय तिला.
सपाट बूट घालून ये, म्हटलं.