रन क्रमांक चार

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच.
शटरबाहेर त्रेचाळीस, आतलं कुणी मोजत नाही.
रोलरवर इरण्णा हत्तुरेंची लाल गाडी
चार पट्ट्यांनी जखडलेली,
आंघोळीला धरून बसवलेल्या पोरासारखी.

आधी कंपनीचा ईसीयू.
एकशे चार. मग एकशे तीन.
मग एकशे एक पूर्णांक सहा.
"उतरतंय की हो," हत्तुरे म्हणाले,
जणू माझ्या तब्येतीबद्दल.
म्हटलं, उतरत नाही, आवरतं घेतंय.
हवा तापली की हा ठिणगी जरा उशिरा टाकतो.
आपल्याकडे नाही का, बारा ते चार
कुणी भांडण उकरत नाही.

मग चार स्क्रू, वायरींचा गुंता,
आणि नवा डबा. काळा, हलका,
आतले सगळे तक्ते मी भरलेले,
तीन रात्री, पंखा पाचवर.
रन क्रमांक चार:
एकशे पंधरा पूर्णांक आठ.

हत्तुरेंनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला.
मी पण खरं तर
मनात बोर्ड रंगवायला घेतला होता.
मग डावीकडचा रकाना दिसला:
आत जाणारी हवा, अकरा अंश थंड.

सोलापुरात मे महिन्यात
अकरा अंश कुठून येतात?

वाकून पाहिलं.
इंटरकूलरवर ओला टॉवेल.
निळ्या काठाचा, लच्छूची आई
जिथं शिवणीला जाते त्या कारखान्यातला.
"लई गरम झालतं अन्ना," लच्छू चिप्पा म्हणाला,
"म्हणून टाकलो."
ताप आलेल्याच्या कपाळावर टाकतात तसा,
कडाही नीट दुमडून.

त्याला काय बोलणार.

टॉवेल काढला. पुन्हा नवा डबा.
एकशे आठ पूर्णांक तीन,
आणि अडतीसशेच्या पुढे तो आवाज,
डब्यात शेंगा हलवल्यासारखा.
पाय काढला.
मग पुन्हा चार स्क्रू, जुना ईसीयू, आणि
(लच्छू, भिजव रे तो टॉवेल)
एकशे नऊ.

कागदावर मांडलं:
चौदा वाढले, त्यातले सात टॉवेलचे.
उरलेले सात माझे,
आणि माझ्या सातात शेंगा वाजतात.

तक्ता उघडला.
पंचावन्न अंशांच्या खाली जितके रकाने होते
तितक्यांत एकच आकडा,
वरचा धरून खाली ओढलेला.
रात्री भरत होतो ना. रात्री वारं होतं.
जुन्यात मात्र प्रत्येक रकाना वेगळा.
कुणीतरी, कुठल्यातरी तापलेल्या शेडमध्ये,
शर्ट पाठीला चिकटलेला,
कान देऊन उभा राहिला असेल
आणि लिहिलं असेल: इथं एक पाऊल मागे.
इथं दोन.
मी त्याला इतकी वर्षं
"कंपनीवाले घाबरट" म्हणत आलो.

हत्तुरेंना सगळं सांगितलं, शेंगांसकट.
ते ऐकत होते, मान हलवत होते.
शेवटी म्हणाले, "डबा राहू दे तुमच्याकडं दोन दिवस.
कागद तेवढा एकशे पंधराचा द्या."
दिला. कोपऱ्यात पेनानं लिहिलं: टॉवेलसह.
त्यांनी वाचलं, चष्मा वर केला.
"टॉवेलचे वेगळे पैसे हायत का?"

ते गेले तेव्हा पाच वाजलेले.
टॉवेल बॉनेटवर वाळून
कडक भाकरीसारखा उभा राहत होता.
लच्छू तो घेऊन नळाकडं निघाला.
मी लॅपटॉप मांडीवर घेतला,
छप्पन्नच्या रकान्यातला आकडा खोडला,
सत्तावन्नचा खोडला,
साठावर थांबलो.

म्हटलं, राहू दे लच्छू.
नवा डबा लाव.
तापू दे तिला आज.